चौथं मूल, दोन एसी आणि नातीशी धरलेला अबोला

पत्र

ताई, मी निवृत्त आरोग्यसेविका. सातारा जिल्ह्यात उभी हयात नोकरी केली, त्यातली निम्मी कुटुंब नियोजनाच्या केसेस गोळा करण्यात गेली. आता पुण्यात मुलाकडे असते. घरात मुलगा, सून, बावीस वर्षांची नात आणि मी. दोन एसी आहेत, मोठी गाडी आहे, कशाची ददात नाही.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई परवा म्हणाली, चौथ्यांदा दिवस गेलेत. आधीच्या तीन मुली. मे महिना, अंगाची लाही होत होती. मी भडकले. म्हटलं, ‘तुम्ही अशी पोरं वाढवता म्हणूनच हे ऊन वाढतंय आणि पाणी आटतंय.’ ती काही बोलली नाही, भांडी घासून गेली. नात मात्र उसळली. ‘आजी, तिच्या अख्ख्या घराचा वर्षाचा धूर आपल्या एका ट्रिपएवढा नाही!’ गेल्या दिवाळीत आम्ही चौघं युरोपला जाऊन आलो, त्यावरून तिचं बोलणं. मी म्हटलं, मी आयुष्यभर हेच काम केलंय, मला शिकवू नको. त्यावर म्हणाली, ‘मी तर मूलच होऊ देणार नाही. अशा जगात कशाला?’ ते फार लागलं. तेव्हापासून अबोला आहे. मुलगा म्हणतो, दोघी गप्प बसा.

लोकसंख्या हा प्रश्न नाहीच का? मग माझी सगळी नोकरी वाया गेली का? आणि नातीला काय सांगू?

उत्तर

सिस्टर,

गावात तुम्हाला सगळे हीच हाक मारत असतील, म्हणून मीही तीच मारते. तुमच्या तिन्ही प्रश्नांवर लिहिते. पण आधी त्या बाईबद्दल लिहायला हवं, कारण तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाही.

‘ती काही बोलली नाही, भांडी घासून गेली’ एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. पोटुशी बाई भर मे महिन्यात घरोघरची भांडी घासते, आणि ऊन तुझ्यामुळे वाढलं हे जिच्याकडे घासते तिच्याच तोंडून ऐकते. उलट उत्तर देणं तिला परवडणारं नव्हतं. म्हणून माझा पहिला सल्ला असा की ती उद्या कामाला आली की तिला बसवा, पाणी द्या आणि सरळ सांगा, ‘परवा मी बोलले ते चुकीचं होतं, मनावर घेऊ नकोस, माझं चुकलं.’ नात घरात असताना सांगा. बोललात तिच्या देखत, तर माफीही तिच्या देखत मागावी.

माफी मागायची ती दोन कारणांसाठी. तुम्ही जे म्हणालात ते खरं नव्हतं, आणि ते आरोग्यसेविकेच्या तोंडी शोभणारं नव्हतं. मला दुसरं जास्त टोचलं, पण सुरुवात पहिल्यापासून करू.

तुम्ही पात्र जोडप्यांची रजिस्टरं भरलेली आहेत, तेव्हा आकडेमोडीचा तुम्हाला कंटाळा नसावा. आपल्याकडे एक युनिट वीज वापरली की साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण देशातली जवळपास पाऊण वीज अजून कोळशावरच होते. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो. घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे ४२ किलो. आता तिचं घर डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या, वर पत्रा, दिवे, पंखे, टीव्ही, छोटा फ्रीज. महिन्याला ६० युनिट धरू. सिलिंडर दोन महिने पुरवतात असं धरू. नवऱ्याची मोटरसायकल आहे आणि तिला महिन्याला दहा लिटर पेट्रोल लागतं, असंही धरू. विजेचे ४२ किलो, गॅसचे २१, पेट्रोलचे २३, मिळून ८६. वर्षाला जेमतेम एक टन झाला, तोही पाच माणसांमध्ये.

तुमच्या घरी दोन एसी आहेत, म्हणून वर्षभराची सरासरी महिन्याला ३०० युनिट धरते, ही काही फार नव्हे. मोठ्या गाडीला महिन्याला ८० लिटर पेट्रोल, आणि महिन्याला एक सिलिंडर. वर्षाची बेरीज पाच टनांच्या वर जाते. हे झालं रोजचं. मुंबईहून युरोपला विमानाने जाऊन-येऊन माणशी साधारण एक टन पडतो. तुम्ही चौघं गेलात, म्हणजे चार टन. त्या एका सहलीत जेवढा कार्बन हवेत गेला, तेवढा सोडायला तिच्या घराला चार वर्षं लागतील. तुमची नात रागाच्या भरात बोलली, तरी तिचा आकडा कमीच होता.

यात कपडे, धान्य, सिमेंट, फर्निचर धरलेलं नाही. धरलं तर तफावत कमी होणार नाही. आणि चौथं बाळ आल्याने त्या घरातल्या पंख्याचं बिल वाढत नाही. तो पंखा फिरतच असतो, त्याच्याखाली आणखी एक जीव झोपेल, एवढंच.

हे दोन घरांपुरतं नाही. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त आहे आणि अमेरिकेचा आकडा १४ टनांच्या आसपास आहे. देशाच्या आतही तसंच. भारतीय कुटुंबांच्या खर्चावरून केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात फक्त घरखर्चामागचा कार्बन मोजला होता, म्हणून आकडे वरच्या सरासरीपेक्षा लहान आहेत. गरीब घरातल्या माणसाचा वाटा वर्षाला ०.१९ टन आणि श्रीमंत घरातल्या माणसाचा १.३२ टन निघाला, म्हणजे जवळपास सातपट. जगभराचं पाहिलं तर ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हिशेबानुसार २०१९ साली वरच्या एक टक्का लोकांनी एकूण उत्सर्जनाच्या १६ टक्के उत्सर्जन केलं. जगातल्या सर्वांत गरीब ६६ टक्के लोकांनी मिळून केलं तेवढंच.

मग लोकसंख्या हा प्रश्न नाहीच का? आहे. शाळेत एका वर्गात किती पोरं बसवायची, सरकारी दवाखान्यात खाटा किती, टँकरची फेरी किती घरांना पुरणार, एका गुंठ्याचे किती वाटे पडणार, इथे डोकी मोजावीच लागतात. हवामानातही माणसांची संख्या आणि माणशी वापर यांचा गुणाकार असतो, हे कुणी नाकारत नाही. पण हा गुणाकार नीट मांडायला हवा. जिथे डोकी वाढताहेत तिथे माणशी वापर नगण्य आहे, आणि जिथे वापर भरमसाट आहे तिथे डोकी वाढणं केव्हाच मंदावलंय. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत १.७. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात. देशाचा आकडाही २.० वर आलाय. म्हणजे आपल्या राज्यात पाळणा लांबला, थांबला आणि आता तर घराघरांत एकाच मुलावर समाधान आहे. तरी एकूण संख्या आणखी काही दशकं वाढत राहील, कारण मागच्या पिढीत जन्मलेली मोठी फळी आता आईबाप होण्याच्या वयात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०६० च्या दशकात भारत १७० कोटींच्या आसपास पोहोचून उतरणीला लागेल. ही वाढ आधीच होऊन गेलेल्या जन्मांची आहे. आता कुणाला चार शब्द सुनावून ती थांबत नाही.

तरीही तुम्ही म्हणालात तेच मला कितीतरी पत्रांत वाचायला मिळतं. पाऊस लांबला, लोकसंख्या. ट्रॅफिक तुंबला, लोकसंख्या. नदी नासली, लोकसंख्या. आणि त्या पत्रांतली जास्तीची माणसं नेहमी दुसऱ्याच्या घरातली असतात. वस्तीतली, परप्रांतातली, दुसऱ्या धर्माची. ‘मी जास्तीचा आहे’ असं लिहिणारं पत्र अजून आलेलं नाही. याचा दोष मी तुम्हा एकट्यांच्या माथी मारत नाही. १९५२ साली सरकारी कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. तेव्हापासून दोन-तीन पिढ्यांना लाल त्रिकोणाखाली एकच धडा मिळाला, की रेशन अपुरं, नोकऱ्या कमी, घरं महाग, सगळ्याचं मूळ जास्त पोरं. आणीबाणीत १९७६-७७ च्या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरलं नाही. आजही सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. चार एसी लावणाऱ्याला मात्र कुठलीही निवडणूक लढवता येते. मग ऊन वाढलं की लोकांच्या तोंडी आधीच पाठ असलेलं उत्तर येतं, यात नवल नाही.

त्याला दुसरं उत्तर फारसं कुणी दिलेलंही नाही. येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी २०२१-२२ मध्ये भारतात घेतलेल्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला अगदी थोडं माहीत आहे किंवा कधी ऐकलेलंच नाही. पण दोन वाक्यांत ती समजावून सांगितल्यावर ८४ टक्के म्हणाले, हो, हे होतंय. चटका सगळ्यांना कळतो. तो कुठून येतो हे सांगायला कुणी दारात येत नाही. तुमच्या हाताशी तर घरोघरी जाऊन समजावून सांगण्याचा अख्ख्या आयुष्याचा सराव आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता तुमच्या नोकरीबद्दल. ती वाया गेली असं कुणीही म्हणू शकत नाही, तुमची नातसुद्धा. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचे मृत्यू होत होते. २०१८-२० मध्ये ३३. यात दवाखान्यातली बाळंतपणं आहेत, लोहाच्या गोळ्या आहेत, १०८ ची गाडी आहे, आणि दोन बाळांत अंतर ठेवा म्हणून उंबरे झिजवणाऱ्या तुमच्यासारख्या बायका आहेत. तांबी बसवलेली एखादी पोर पुढे शिकली, अंगात रक्त राहिलं, तिसाव्या वर्षी म्हातारी झाली नाही. हे काम त्या बाईसाठी होतं. १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्यापायी गणिताची प्राध्यापकी गेली, लोकांनी कोर्टात खेचलं, तरी ते हटले नाहीत. त्यांचाही आग्रह बाईच्या आरोग्याचा आणि तिच्या मर्जीचा होता. देशाचा आकडा खाली आणायला बाईचं पोट वापरायचं, हा विचार वेगळा.

तो विचार टार्गेटबरोबर आला. मार्चअखेर किती केसेस झाल्या, कोणाच्या कमी पडल्या, कोणाचा पगार अडला, ते दिवस तुम्ही काढलेत. शिबिराच्या दिवशी जीपमध्ये कोंबून आणलेल्या बाया, ऑपरेशननंतर जमिनीवर ओळीने निजवलेल्या, हेही तुम्ही पाहिलं असणार. १९९६ साली वरून टार्गेट काढून टाकल्याचं जाहीर झालं, तरी सवय कार्यालयांतून आणि मनांतून लगेच गेली नाही. परवा तुमच्या तोंडून जे निघालं ते तुमच्यातल्या सिस्टरचं बोलणं नव्हतं, त्या टार्गेटचं होतं, असं मला वाटतं. कारण सिस्टर असती तर तीन मुलींनंतर चौथ्यांदा दिवस गेलेल्या बाईला तिने आधी विचारलं असतं, ‘तुला हवंय का हे मूल?’

या प्रश्नाचं वजन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तीन मुलींवर चौथं म्हणजे बहुतेक वेळा घरात कुणीतरी मुलग्यासाठी हट्ट धरून बसलेलं असतं. सासू, नवरा, कधी ती स्वतः, कारण मुलगा झाल्याशिवाय आपल्याला घरात किंमत नाही हे तिने पाहिलेलं असतं. वरून ‘कुटुंब लहान ठेवा’ आणि आतून ‘मुलगा हवाच’, या दोन्हीच्या मधे महाराष्ट्रात काय झालं ते २०११ च्या जनगणनेत दिसलं. सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली, आणि बीड जिल्ह्यात तर ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, कायदा करणाऱ्या राज्याची ही गत. कमी मुलं हवीत असं नुसतं दटावलं तर कमी कोण होतं, ते या आकड्यांत आहे.

म्हणून माफी मागून झाली की तिच्याशी एकटीशी बोला. घरच्यांपैकी कुणी ‘एकदा तपासून घेऊ’ म्हणतंय का, ते हळूच काढून घ्या. म्हणत असेल तर काय करायचं, हे तुम्हाला सांगायला नको. नाव नोंदवलंय का, हिमोग्लोबिन किती आहे, शेवटचं बाळंतपण कसं झालं, हे विचारा. मूल ठेवायचं की नाही, याचा निर्णय तिचा. ठेवणार असेल तर तुमच्या ओळखीचा उपयोग करून तिला चांगल्या सरकारी दवाखान्यात लावून द्या. पुढे थांबायचं असेल तर तांबी आहे, दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, आठवड्याची छाया गोळी आहे, आणि नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी आहे. शेवटचं तिच्या नवऱ्याच्या कानावर घालायला तुमच्याइतकं योग्य माणूस नाही. देशात जवळपास ३८ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालंय आणि पुरुषांचं प्रमाण ०.३ टक्के आहे. एवढी वर्षं केसेस गोळा करूनही हे पारडं कललं ते कललंच.

आणि तिची कामाची वेळ बदला. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याची रात्र काढून ती तुमच्याकडे येते. त्या खोलीत रात्रीही उकाडा हटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या सोहळ्यात उन्हात बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. गर्भारपणात हा उन्हाचा त्रास जास्तच बाधतो. उन्हाळाभर तिला सकाळी लवकर बोलवा, सातव्या महिन्यानंतर जड काम सांगू नका, आणि बाळंतपणाची रजा भरपगारी द्या. तुम्हाला सरकारने दिली होती.

आता नात. तिच्या मूल न होऊ देण्याच्या बोलण्याने तुम्ही दुखावलात, ते मला समजतं. जिने हजार घरांत मुलं कमी करा म्हणून सांगितलं तिच्याच घरात आता एकही नको म्हणतात, हे पचायला जड आहे. पण ती एकटी असं म्हणत नाही. २०२१ साली दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींची पाहणी झाली, त्यात भारतही होता. दहातले जवळपास चार जण म्हणाले की हवामानाच्या भीतीने मूल होऊ द्यावं की नाही असं वाटतं. तुमच्या नातीने ही भीती कुठून उसनी आणलेली नाही. तिच्या अवघ्या बावीस वर्षांच्या आयुष्यात तिने माळीण पाहिलं, तळीये पाहिलं, चिपळूणचा पूर पाहिला, इर्शाळवाडी पाहिली.

तिला समजवायला जाऊ नका. ‘लग्न झालं की मत बदलेल’ हे वाक्य तर अजिबात नको. परक्या बाईला जो हक्क मिळावा म्हणून तुम्ही पायपीट केलीत, तोच तिला द्या. मूल हवं की नको, कधी, किती, हे तिचं तिने ठरवायचं. पण ती तुमच्याशी बोलायला लागली आणि तिला ऐकायची इच्छा असली, तर माझ्याकडून एक गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचवा. एक मूल कमी म्हणजे वर्षाला ५८ टन कार्बन वाचला, असा एक आकडा तिच्या वाचनात आला असेल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधातला तो आहे. तो काढताना त्या मुलाचा वाटा, मग त्याच्या मुलांचा, नातवंडांचा, पुढच्या कित्येक पिढ्यांचा वाटा आईबापांच्या नावावर चढवला आहे, आणि तोही श्रीमंत देशांतल्या आजच्या वापराप्रमाणे, जणू शंभर-दोनशे वर्षांनीही सगळे असाच कोळसा आणि पेट्रोल जाळत राहतील. ज्या वीस-पंचवीस वर्षांत उत्सर्जन खाली यायला हवंय त्या वर्षांत न जन्मलेल्या मुलाचा उपयोग फारच थोडा आहे. त्या वर्षांत उपयोग आहे तो चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राऐवजी तुमच्या दिव्याला वीज कुठून येते याचा, शहरात बस किती येतात याचा, आणि विमानात कोण किती वेळा बसतं याचा. तिला मूल नकोच असेल तर नको असणं पुरेसं आहे. पृथ्वीचा हवाला द्यायची गरज नाही. आणि कधी हवंसं वाटलं, तर त्या इच्छेची लाज बाळगायचीही गरज नाही.

तुमच्यात आणि तिच्यात अबोला सुटावा असं वाटत असेल, तर तिच्याकडे सल्ला घेऊन जाऊ नका, काम घेऊन जा. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल बसवण्याचं काम. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि सोसायटीने लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठी सौर पॅनल बसवले तर किलोवॅटमागे १८,००० रुपये. दहा किलोवॅट बसले तर महिन्याला सुमारे १,२०० युनिट निघतात. कोटेशन मागवणं, महावितरणचा अर्ज भरणं नात करील. दारोदार जाऊन सह्या आणणं तुमचं काम. तुम्हाला वाटेल की लोक कुठे ऐकणार. त्याबद्दलही एक गोष्ट सांगते. १२५ देशांत जवळपास १ लाख ३० हजार लोकांना विचारलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. हवामानासाठी उत्पन्नातला एक टक्का द्यायला ६९ टक्के लोक तयार होते. पण ‘तुमच्या देशातले इतर किती तयार असतील?’ असं विचारल्यावर लोकांचा सरासरी अंदाज ४३ टक्क्यांचा निघाला. प्रत्येक जण दाराआड बसून समजतो की शेजाऱ्याला पर्वा नाही. हे दार वाजवायची सवय त्या इमारतीत तुमच्याइतकी कुणाला असणार?

घरातल्या घरात दोन एसींपैकी एक बंद ठेवता येतो, आणि चालू असेल तो २४ च्या खाली आणायचा नाही. दर अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते. हे छोटं आहे आणि एवढ्याने हवामान सुधारणार नाही, हे नातीला ठाऊक आहे, तुम्हीही तसा दावा करू नका. गाडी आणि विमान ही मोठी बाब आहे.

आणि तिथे मला तुमच्या मुलाबद्दल बोलायचंय. या सगळ्या भांडणात एक आजी, एक नात आणि एक मोलकरीण एकमेकींना जाब विचारताहेत. गाडी ज्याच्या नावावर, एसी ज्याने बसवले, तिकिटं ज्याने काढली, तो ‘दोघी गप्प बसा’ म्हणून मोकळा झालाय. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. आईला युरोप दाखवावा असं वाटणं ही मायाच आहे. पण पोटुशी बाई घरात सगळ्यांचं ऐकून घेते आणि घरातल्या खर्चाचे निर्णय घेणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, हे बरोबर नाही. येत्या रविवारी वर्षभराची लाईट बिलं आणि पेट्रोलच्या पावत्या घेऊन तिघं बसा, सुनेलाही बसवा, आणि वर मी केला तसा हिशेब तुमच्या खऱ्या आकड्यांनी करा. नातीला लिहायला सांगा. या दिवाळीची तिकिटं अजून काढली नसतील तर तो विषय त्याच बैठकीत घ्या. कोकणकन्या एक्स्प्रेस मुंबईहून रात्री सुटते आणि सकाळी कोकणात पोहोचवते. तिची आरक्षणं मात्र साठ दिवस आधी उघडतात आणि दिवाळीची बघता बघता भरतात.